जुनं शिलाई मशीन ‘तेच’ राहतं म्हणजे काय?

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना शिलाई मशीनशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर वर्गात ‘वस्तू म्हणजे काय’ हे शिकवत आलो आणि निवृत्त झाल्यावर हातात पेचकस घेतला. तेव्हा लक्षात आलं, की फळ्यावर लिहिलेले बरेचसे प्रश्न जुनं मशीन विकत घेताना दुकानदारासमोर उभे राहतात. हे जुनं आहे म्हणजे यातलं नेमकं काय जुनं आहे? शटल नवं टाकलं, चाक दुसऱ्याचं लावलं, रंग काढून नवा दिला, तर मी विकत काय घेतलं? हा प्रश्न घेऊनच आज बोलणार आहे. मधे तेलाबद्दल, सुईबद्दल, भावाबद्दलही बोलेन, कारण त्यावाचून हा प्रश्न सुटत नाही.

आधी टीप कशी पडते ते पाहू. पुष्कळांच्या घरात मशीन असतं, पण आत काय होतं ते कुणी पाहिलेलं नसतं. हातशिलाईच्या सुईला नेढं मागे असतं, मशीनच्या सुईला टोकाशी. सगळी गंमत इथून सुरू होते. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि किंचित वर येते. वर येताना दोरा कापडात अडतो आणि सुईच्या मागे एक लहानसा फास तयार होतो. त्याच क्षणी खालच्या शटलचं टोक त्या फासात शिरतं, फास ओढून मोठा करतं आणि बॉबिनभोवती फिरवून सोडून देतं. वरचा दांडा दोरा खेचून घेतो आणि दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसते. मग खालचे दात वर येतात, कापड सरकवतात, खाली जातात, मागे येतात. ही चार हालचालींची युक्ती अमेरिकेतल्या ॲलन विल्सनची, १८५४ ची. टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालचा धोटा यांच्या जोडीचं पेटंट एलियास हाऊने १८४६ मध्ये घेतलं, सिंगरचं पेटंट १८५१ चं. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘सिंगर’ म्हणतो ते कुणा एकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. १८५६ मध्ये पेटंटवाल्यांनी कोर्टकचेऱ्यांना कंटाळून आपली पेटंटं एकत्र केली आणि १८७७ पर्यंत दुसऱ्या कारखानदारांकडून पैसे वसूल केले.

त्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये साखळीटाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायचा कारखाना काढला. १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने तो फोडला. शिंप्यांना वाटलं, आपलं पोट जाणार. या यंत्राच्या पोटात हा प्रश्न पहिल्यापासून आहे: ते कुणाचं काम काढून घेतं आणि कुणाच्या हाताला काम देतं?

आपल्याकडे हा प्रश्न गांधीजींसमोर आला. १९२४ साली रामचंद्रन या तरुणाने त्यांना विचारलं, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिलाई मशीनचं नाव घेतलं. आपल्या बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते बनवलं, असं त्यांनी सांगितलं. इतिहास जरा वेगळा आहे. आयझॅक सिंगर आधी नाटकवाला, एकाहून अधिक संसार आणि वीसहून जास्त मुलं असलेला माणूस. बोस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्याचं मशीन सुधारताना त्याला हे सुचलं, आणि नजर पैशावर होती. पण गांधीजींची कथा चुकीची निघाली म्हणून त्यांचा निकष चुकीचा ठरत नाही. यंत्र एका माणसाच्या हातात मावतं का, त्याचे कष्ट हलके करतं का, असा तो निकष. रामचंद्रन हुशार. ते म्हणाले, मग ही मशीन बनवणारे मोठे कारखाने लागतीलच की! गांधीजींनी ते मान्य केलं आणि असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत असं उत्तर दिलं. माझ्या मते तो सगळा संवाद आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवा होता. असो.

हे मशीन भारतात आलं ते बऱ्याच अंशी मुंबईमार्गे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ सिंगरचे इथले मुख्य एजंट होते. हप्त्याने मशीन विकण्याची पद्धत सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ च्या सुमारास अमेरिकेत सुरू केली होती, तीच पुढे जगभर गेली. आपल्याकडे दिसणारी जुनी सिंगर बहुतेक स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली. मॉडेलच्या आकड्यापुढे ‘के’ असेल, म्हणजे पंधरा-के, नव्याण्णव-के, तर तो ‘के’ किलबोवीचा, म्हणजे त्याच कारखान्याच्या जागेचा. हा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. एकट्या १९१३ साली तिथून तेरा लाखांच्या घरात मशीन बाहेर पडली. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच उपयोगी पडणार आहे.

कारण पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात तुम्ही गेलात, की विक्रेता सांगतो, ‘साहेब, शंभर वर्षांचं आहे, असं दुसरं मिळणार नाही.’ पहिला अर्धा भाग खरा असू शकतो. दुसरा खोटा. जुनं आणि दुर्मिळ हे दोन वेगळे गुण आहेत. जी वस्तू वर्षाला लाखांनी बनली आणि मोडत नाही, ती शंभर वर्षांनी जुनी होते, दुर्मिळ होत नाही. वय पाहायचं तर बिडाच्या पाट्यावर उजवीकडे, चाकाच्या बाजूला, कोरलेला नंबर असतो. विसाव्या शतकातल्या नंबराला आधी अक्षर असतं: ‘एफ’ किंवा ‘वाय’ म्हणजे क्लाइडबँक, ‘जी’ म्हणजे अमेरिकेतलं एलिझाबेथपोर्ट. संग्राहकांनी या नंबरांच्या याद्या लावलेल्या आहेत, त्यावरून कोणत्या सुमाराचं मशीन ते कळतं. विक्रेत्याच्या पणजोबांची गोष्ट ऐकावी जरूर, पैसे मात्र नंबर पाहून द्यावेत.

भाव आणि मोल यांची फारकत किती होऊ शकते याचं उदाहरण २००९ मधलं आहे. सौदी अरेबियात अफवा उठली, की जुन्या सिंगर मशीनच्या सुईत ‘लाल पारा’ असतो. लाल पारा नावाचा असा कुठलाही चमत्कारी पदार्थ नाही. पण लोक मोबाईल फोन सुईजवळ धरून पाहत होते, फोन बंद पडला तर पारा आहे म्हणे! एरवी किरकोळ भावाला जाणाऱ्या मशीनसाठी लाखांत बोली गेल्याच्या बातम्या आल्या. विचार करा, सुई ही मशीनमधली सगळ्यात स्वस्त, दर थोड्या दिवसांनी फेकायची वस्तू. मोल ठरवताना माणसांनी नेमकी तीच धरली.

मग पाहायचं काय? चाक स्वतःकडे फिरवून पाहा. ते अजिबात हलत नसेल तर घाबरू नका, ते बहुतेक वाळलेलं तेल असतं, किंवा शटलच्या घरात अडकलेला दोऱ्याचा तुकडा. चाक फिरतंय पण सुई हलत नाही, असं असेल तर मजाच. चाकाच्या मध्यावरची गोल चकती सैल असते, बॉबिन भरताना ती सैल करायचीच असते. ती घट्ट केली की मशीन चालू. एवढ्यावर ‘बिघडलेलं’ म्हणून गेलेली मशीन मी पाहिली आहेत. बीड तडकलेलं असेल तर घेऊ नका. शटल, बॉबिन केस जागेवर आहेत का पाहा. विजेची मोटर असेल आणि मशीन अमेरिकेतून आलेलं असेल, तर ती ११० व्होल्टची असते. आपल्या २३० च्या प्लगात घालाल तर धूर निघेल. आणि वायरचं रबर बोटाने चुरा होत असेल तर वायर बदलल्याशिवाय वीज जोडायचीच नाही.

सगळ्यात महत्त्वाची चौकशी सुईची. सिंगरच्या पंधरा, सत्तावीस, अठ्ठावीस, सहासष्ट, नव्याण्णव, दोनशे एक या सगळ्यांना आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी घरगुती सुई चालते, पाकिटावर ‘एचए × १’ छापलेली असते ती. सुई लावताना लांब खाच ज्या बाजूने दोरा आत जातो त्या बाजूला, सपाट अंग विरुद्ध बाजूला. एवढं चुकलं तर उत्तम मशीनही टाका धरत नाही. पण १८६५ च्या सुमाराचं व्हायोलिनच्या आकाराच्या पाट्याचं सिंगर, ज्याला संग्राहक ‘बारा नंबर’ म्हणतात, त्याची सुई निराळी, आणि ती सहज मिळत नाही. सुई नसेल तर ते मशीन मुकं. दिसायला ते सगळ्यात सुंदर, हे आणखी दुःख.

आता दुरुस्ती. आपल्या घरांमध्ये मशीनचा पहिला शत्रू म्हणजे खोबरेल. डोक्याला चालतं म्हणून मशीनलाही! खोबरेल पंचविसाच्या खाली तापमान गेलं की गोठतं, म्हणजे पुण्याच्या थंडीत मशीन जड होणारच. आणि कुठलंही खाद्यतेल वर्षानुवर्षं हवेत राहिलं की चिकट होऊन वार्निशसारखं घट्ट बसतं. लोक म्हणतात मशीन गंजलं. गंजलेलं नसतं, चिकटलेलं असतं. रॉकेल मिळालं तर प्रत्येक सांध्यात थेंब थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, केस वाळवायच्या यंत्राने सांध्यावर थोडी गरम हवा द्या, चाक हळूहळू मागेपुढे करा. जोर लावायचा नाही. सुटलं की फडक्याने पुसून घ्या आणि मग मशीनचं पातळ पांढरं तेल द्या. रॉकेल हे सोडवण्यासाठी, ते वंगण नव्हे. आणि काळ्या अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीला स्पिरिट किंवा थिनर कधी लावू नका. वर चपडी लाखेचा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि त्याबरोबर सोनंही जातं. पेचकस खाचेत गच्च बसणाराच वापरा. सिंगरच्या स्क्रूंचे आटे स्वतःचेच आहेत. डोकं झिजवलंत तर हार्डवेअरच्या दुकानात जोडीचा मिळणार नाही.

आमच्या पेठेत एक दुरुस्तीवाले काका होते. त्यांच्याकडे मशीन नेलं की ते आधी उघडायचे नाहीत, चाक फिरवून नुसते ऐकायचे. ‘कापडाच्या खाली गुंता होतोय ना? मग खाली बघू नका, वर बघा.’ हे त्यांचं वाक्य. तर्कशास्त्राच्या वर्गात मी ते अनेकदा वापरलं. गुंता खाली दिसतो, म्हणून माणूस खालचं बॉबिन खोलत बसतो. पण कारण बहुधा वर असतं: वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधे बसलेलाच नसतो. दोरा ओवताना पाय वर उचललेला हवा, म्हणजे चकत्या मोकळ्या होतात. जिथे परिणाम दिसतो तिथेच कारण असतं, ही आपली सवय. मशीन ती मोडतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे काका शटल बदलायचे, दात बदलायचे, स्प्रिंग बदलायचे. मशीन तेच राहिलं का? बौद्धांना विचाराल तर ते म्हणतील, ‘तेच’ असं काही नव्हतंच. मिलिंद राजाला नागसेनाने रथाबद्दल हेच विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? रथ हे नुसतं नाव. नैयायिक म्हणतील, नाही, अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खराखुरा असतो. पण त्यांची पंचाईत अशी, की एक अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असं त्यांना मानावं लागतं. म्हणजे काकांनी दात बदलले की गिऱ्हाईक नवंच मशीन घेऊन घरी जाणार!

मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर ग्रंथात मिळालं नाही, कारखान्याच्या इतिहासात मिळालं. सुरुवातीची सिंगर मशीन कशी बनत? भाग ओतून, कापून झाले की कारागीर कानशीने घासून एकमेकांत बसवत. एका मशीनचा दांडा दुसऱ्यात बसेलच असं नाही, म्हणून भागांवर मशीनचा नंबर ठोकत, जोडी चुकू नये यासाठी. व्हीलर आणि विल्सनचा कारखाना १८५७ पासून बंदुकांच्या कारखान्यातली पद्धत वापरू लागला होता, तिथे भाग मापाने बनत. सिंगरला ते पूर्णपणे साधायला १८८० चं दशक उजाडलं. त्यानंतरच्या मशीनचा भाग हा त्या एका मशीनचा राहिला नाही, त्या नमुन्याचा झाला. आपल्या दर्शनांतले शब्द वापरायचे तर पहिल्या प्रकारात भाग व्यक्तीचा आहे, दुसऱ्यात जातीचा.

यातून दुरुस्तीचा आणि संग्रहाचा धर्म वेगळा होतो. कानशीने बसवलेल्या, सुई न मिळणाऱ्या जुन्या मशीनला संग्राहकाने हात आखडता घेऊनच सांभाळावं. पुसावं, तेल द्यावं, नंबर नोंदवावा, बस्स. तिथे भाग बदलणं म्हणजे पुरावा पुसणं. पण पंधरा नंबरच्या वंशातलं मशीन असेल तर भाग बदलायला मुळीच कचरू नका. हा नमुना दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने मोठ्या प्रमाणावर उचलला, आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची उषा त्याच वळणाची, आणि लुधियानात आजही त्याचे सुटे भाग बनतात. लुधियानाचं बॉबिन क्लाइडबँकच्या मशीनमध्ये बसतं, यात त्या मशीनचा कमीपणा नाही. ते बसावं म्हणूनच तर माप ठरवलं गेलं. अशा मशीनला ‘सगळे भाग मूळचेच हवेत’ म्हणून हटून बसणारा संग्राहक मला जरा भाबडा वाटतो.

मग त्या मशीनमध्ये ‘तेच’ काय उरतं? वापराच्या खुणा. पाट्यावर कापड सरकून सरकून ज्या ठिकाणी सोनेरी वेल उडाली आहे ती जागा. कुणीतरी खिळ्याने ओरखडलेल्या इंचांच्या रेघा. मानेला बांधलेली चिंधी, टाचण्या टोचायची. हे कुठल्या कारखान्यात मिळत नाही. आणि ‘रिस्टोर केलेलं’ म्हणून चकचकीत काळा रंग फासून विकतात ते नेमकं हेच घालवतात. आतलं झिजलेलं शटल मात्र तसंच ठेवतात. उलटं हवं. जे काम करतं ते बदला, जे सांगतं ते ठेवा. काही ठिकाणी दोन्ही एकच असतं, उदाहरणार्थ दोऱ्याने कापून कापून खाच पडलेला तारेचा आकडा. तो दोरा तोडत असेल तर बदलावाच लागतो. मी असा जुना आकडा ड्रॉवरमध्ये ठेवतो. तेवढी भाबडेपणाची मुभा मलाही द्या.

आता जे चाललं आहे त्याबद्दल थोडं कडक बोलतो. इंग्लंडमध्ये ऑलसेंट्स नावाच्या कपड्यांच्या दुकानांनी आपल्या खिडक्या जुन्या शिलाई मशीनच्या रांगांनी भरल्या. दिसतं छान. आपल्याकडे याहून वाईट घडतं. लोखंडी स्टँडवर संगमरवर टाकून कॉफीचं टेबल करतात आणि वरचं यंत्र, कारागीर ज्याला हेड म्हणतात ते, भंगारात जातं. खिडकीतलं मशीन निदान खाली उतरवून पुन्हा चालवता येईल. वितळलेलं नाही. आणि ते पायमशीन ब्लाउज, परकर, पिशव्या शिवून घर चालवणाऱ्या कुणा बाईच्या कामाचं होतं. तिला वीज लागत नाही, सुई दहा पावलांवर मिळते, बिघाड डोळ्यांनी दिसतो. शोभेच्या गिऱ्हाइकाने स्टँडचा भाव वाढवला की चालू मशीन तिच्या आवाक्याबाहेर जातं. गांधीजींच्या निकषावर उतरलेलं यंत्र आपण पाय ठेवायला वापरतो. मी संग्राहकांच्या विरुद्ध नाही, मी स्वतः अर्धा संग्राहक आहे. पण चालू शकणारी चार मशीन कपाटावर बंद ठेवणाऱ्याने त्यातली तीन कुणाला तरी द्यावीत, असं मला वाटतं. मी तसं केलं आहे, चौथं द्यायला जीव होत नाही.

वेळ होत आलाय. चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातली एक घेतो. एका ताईंनी लिहिलंय: ‘आईचं पायमशीन आहे, पंधरा नंबरचं. मला आणि भावाला दोघांनाही हवं आहे. तो म्हणतो, स्टँड मला दे, वरचं मशीन तू घे आणि हाताचा दांडा बसवून घे. मूळ मशीन कुणाकडे राहील?’

ताई, हा अगदी हॉब्जचा प्रश्न आहे! जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि काढलेल्या जुन्या फळ्यांचं कुणी दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? हॉब्जला भाऊ-बहीण मधे आणावे लागले नाहीत. तुमच्यापैकी शिवतं कोण? चिठ्ठीत लिहिलेलं नाही. जो शिवेल त्याच्याकडे स्टँड आणि हेड दोन्ही जाऊ द्या, दुसऱ्याने त्यावर आपले कपडे शिवून घ्यावेत. दोघंही शिवत नसाल तर भाच्यांना, पुतण्यांना विचारा, मुलगेही शिवतात. आणि तोडलंच, तर निदान हेडला हाताचा दांडा खरोखर बसवून घ्या, ‘नंतर बघू’ म्हणून कागदात गुंडाळून माळ्यावर टाकू नका. पायमशीन राहिलं तर आधी चामड्याची वादी बदला. आईच्या हातची म्हणून ती जपू नका, ती वाळून कडक झाली असेल आणि चाकावरून घसरत असेल. नवी थोडी आखूडच कापा. ती ताणते, आणि लांब झालेली पुन्हा कापून जोडता येते.